वाचकांचे प्रश्न : सीडीचा धंदा आणि नंतरची सरकी

मागच्या अंकात माझा एक लेख आला होता. 1995 ते 2003 या काळात मी औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, उस्मानपुऱ्यातल्या एका स्टुडिओत मल्टिमीडिया सीडी बनवायचो, आणि तो धंदा बसल्यावर सेलूला जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात आलो, एवढीच त्यातली हकीकत होती. त्यावर बरीच पत्रं आली. निम्म्या पत्रांत यंदा कापसाला भाव काय राहील असं विचारलंय. ते मला कळत असतं तर मी ही उत्तरं लिहीत बसलो नसतो. बाकीच्यांतली काही घेतो.

प्रश्न : आमच्या शाळेच्या कपाटात पंचवीसेक वर्षांपूर्वी घेतलेल्या विज्ञानाच्या मराठी सीडी आहेत. नव्या लॅपटॉपला सीडी घालायची सोयच नाही. एका माजी विद्यार्थ्यानं बाहेरून ड्राइव्ह जोडून दिला, फाइली दिसतात, पण उघडत नाहीत. फेकून द्याव्यात का?
— एक शिक्षिका, अंबाजोगाई

मॅडम, फेकू नका. फाइली दिसतात याचा अर्थ अर्धी लढाई तुम्ही जिंकलेली आहे.

सगळ्यात आधी प्रत्येक सीडीची आयएसओ प्रत, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलीत हुबेहूब नक्कल, काढून घ्या. फाइली नुसत्या ओढून फोल्डरमध्ये टाकल्या तर पुष्कळदा काम होत नाही, कारण आमच्यासारखे लोक प्रोग्रामला सांगून ठेवायचे की अमुक नावाची डिस्क ड्राइव्हमध्ये असेल तरच चालू हो. आयएसओमध्ये डिस्कचं नावही जसंच्या तसं येतं. दोन ठिकाणी ठेवा, एक प्रत शाळेत आणि एक कोणाच्या तरी घरी.

मग चालवण्याचं बघू. विंडोज 95 च्या आगेमागे बनलेले बरेच प्रोग्राम 16 बिटचे आहेत आणि आजचं 64 बिट विंडोज त्यांना दारातच उभं करत नाही. त्यात सीडीचा किंवा तुमचा दोष नाही. त्यासाठी लॅपटॉपच्या आत एक खोटा जुना संगणक उभा करतात, व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला, आणि त्यात विंडोज 98 घालतात. आणखी जुनी सीडी असेल तर ‘डॉसबॉक्स’ नावाच्या तशाच एका प्रोग्राममध्ये विंडोज 3.1 चालतं. ‘स्कमव्हीएम’ नावाचा एक फुकट प्रोग्राम जुन्या खेळांसाठी प्रसिद्ध आहे, त्याला आता मॅक्रोमीडिया डायरेक्टरमध्ये, म्हणजे आम्ही सीडी बनवायचो त्या सॉफ्टवेअरमध्ये, बनलेल्या काही सीडीही वाचता येतात. फाइलीच्या नावाशेवटी एसडब्ल्यूएफ असेल तर ते फ्लॅश नावाच्या जुन्या अॅनिमेशन सॉफ्टवेअरचं आहे, त्याला ‘रफल’ हा प्रोग्राम चालतो. तुमच्या गावात इंजिनिअरिंगचं लेकरू सापडेलच. त्याला एवढा उतारा दाखवा, पुढचं तो करील.

डिस्कचं सांगतो. खालून चांदीसारखी स्वच्छ दिसते ती कारखान्यात छापलेली, ती टिकते. खालून हिरवट, निळसर किंवा सोनेरी दिसते ती आमच्यासारख्यांनी संगणकावर लिहिलेली. तिच्यात रंगाचा थर असतो आणि तो ऊन-उष्णतेनं उडतो. पत्र्याचं कपाट, त्यात आपल्याकडचा मे महिना, म्हणजे काय होतं ते सांगायला नको. आधी या हिरव्या-निळ्या उचला. वरच्या बाजूला बॉलपेनानं नाव लिहायचं नाही, स्टिकर लावला असेल तर तो ओढून काढायचा नाही. लोकांना वाटतं खालची बाजू नाजूक, पण सीडीचा खरा थर नावाच्या बाजूला, लाखेच्या पातळ आवरणाखाली असतो. पुसायचं झालं तर मऊ फडक्यानं मधून कडेकडे, गोल गोल नाही.

प्रती शाळेपुरत्या वापरा, इंटरनेटवर चढवू नका. हक्क प्रकाशकाचे असतात. आणि एखाद्या सीडीत ‘पुढे’ दाबल्यावर खट् असा लोखंडी आवाज आला तर मला जरूर कळवा. आमच्या स्टुडिओच्या संडासाच्या कडीचा आवाज रेकॉर्ड करून तो वापरलेला आहे.

प्रश्न : बरीच वर्षं झाली, पर्यटनाच्या एका प्रदर्शनात अजिंठा-वेरूळची सीडी टचस्क्रीनवर पाहिली होती. एका चित्रावरून दुसऱ्यावर जाताना पडदा हळूच काळा व्हायचा. लेण्यातून बाहेर येऊन पुन्हा आत शिरल्यासारखं वाटायचं. ही कल्पना कोणाची?
— निवृत्त बँक कर्मचारी, छत्रपती संभाजीनगर

काका, तुम्ही पाहिलेली सीडी आमचीच होती का ते सांगता येणार नाही, पण काळा पडदा तेव्हा सगळेच करायचे. तुम्हाला लेणं आठवलं याचा आनंद आहे. आम्ही मात्र तो नाइलाजानं करायचो.

तेव्हा गिऱ्हाइकाकडच्या संगणकावर एका वेळी 256 रंग दिसतील असं धरून चालावं लागायचं. त्यातले 20 विंडोज स्वतःच्या खिडक्या-बटणांसाठी राखून ठेवायचं. उरले 236. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातला पद्मपाणी घेतला तर ते सगळे 236 त्याच्या अंगकांतीत, मुकुटात आणि मागच्या हिरवट काळोखात खपायचे. पुढचं चित्र वेरूळच्या कैलासाचं, म्हणजे काळा दगड आणि वर भर दुपारचं आभाळ. त्याला वेगळेच 236 लागणार. संगणकाच्या लेखी रंग म्हणजे नुसता क्रमांक असतो. क्रमांकांची यादी बदलली की पुढचं चित्र उमटायच्या आधी क्षणभर जुनंच चित्र नव्या यादीनं रंगायचं. पद्मपाणीचा चेहरा जांभळा आणि ओठ पोपटी झालेले मी पाहिले आहेत. ते लोकांना दिसू नये म्हणून मध्ये काळोख करायचा, काळोखात यादी बदलायची आणि मग उजेड.

खरी मेहनत निळ्याची होती. अजिंठ्यात लाजवर्दाचा निळा आहे, पण चित्रात त्याची जागा थोडी. फोटोशॉपला ‘256 रंग निवड’ म्हटलं की तो ज्याचं क्षेत्रफळ मोठं त्याला मोठा वाटा द्यायचा. तपकिरीला शंभर छटा आणि निळ्याला दोन. दोन छटांत निळा रंग चिखलासारखा दिसतो. तेव्हा आम्ही आधी फक्त निळ्या भागाभोवती सिलेक्शन करायचो आणि मगच इंडेक्स कलरची, म्हणजे 256 रंग निवडायची, आज्ञा द्यायचो. फोटोशॉप त्या भागाला झुकतं माप देतो. मग तपकिरीच्या काही छटा जायच्या, पण दगडाच्या खरबरीतपणात त्या खपून जातात. अशी एक-एक चौकट करायला अर्धा दिवस जायचा, आणि प्रदर्शनात माणूस त्या चौकटीसमोर उभा राहायचा तो दोन घोट चहापुरता.

प्रश्न : लोडशेडिंगच्या काळात तुम्ही सीडी लिहायचात कशा? आम्ही तर तेव्हा पिठाच्या गिरणीचंही वेळापत्रक लावून घेतलं होतं.
— वीजमंडळातून निवृत्त, परभणी

तुम्हीच विचारताय होय! दुप्पट वेगाच्या रायटरवर 74 मिनिटांची सीडी लिहायला 37 मिनिटं लागायची आणि त्या वेळात संगणकाकडून माहिती अखंड यावी लागायची. दिवे जाणं तर सोडाच, हार्ड डिस्कनं जरा दम खाल्ला तरी रायटरची आतली साठवण रिकामी व्हायची, लेझर बंद पडायचा आणि सीडी वाया. 2000 च्या सुमारास असे ड्राइव्ह आले, जे थांबून पुन्हा जिथल्या तिथून लिहायला लागायचे. त्याआधी आम्ही ट्रकच्या बॅटरीवरचा इन्व्हर्टर ठेवला होता, स्क्रीनसेव्हर बंद करायचो, आणि कोणी माउसला हात लावला तर बाकीचे अंगावर धावून जायचे. लिहिलेली मास्टर सीडी रात्रीच्या देवगिरीनं मुंबईला जायची, तिथं कारखान्यात हजार प्रती निघायच्या. वाया गेलेल्या सीड्या आमच्या टपरीवाल्यानं चहाच्या कपाखाली घेतल्या.

प्रश्न : वय 38. जालन्यात लग्नांचं व्हिडिओ एडिटिंग आणि अल्बम डिझाइन करतो. आता नवरदेवाचे मित्रच मोबाईलवर रील करतात, अल्बमला तयार टेम्प्लेट मिळतात, एआय फोटो धुऊन-पुसून देतं. मेव्हण्यांचा बियाण्याचा धंदा आहे, ते ‘इकडं या’ म्हणतात. कला सोडायला मन होत नाही. तुम्ही हिंमत कशी केली?
— एक वाचक, जालना

भाऊ, हिंमतबिंमत काही केली नाही. काय झालं ते सांगतो, मग तुमच्याकडे येतो.

आमचा पोटापाण्याचा धंदा अजिंठ्यावर चालत नव्हता. तो वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांवर चालायचा. ‘कंपनी प्रोफाइल’ची सीडी : आधी गेट, मग यंत्रं, मग संचालकांचा फोटो आणि मागे बासरी. 2000 पासून तीच माणसं वेबसाइट मागायला लागली. वेबसाइट कोणीही स्वस्तात करून द्यायचं, दिसायला आमच्या सीडीच्या पासंगालाही पुरायची नाही, पण फोनच्या तारेवरून दिल्लीचा माणूस ती पाहू शकायचा. सीडी कुरिअरनं पाठवावी लागायची. आम्ही वर्षभर आमचं काम किती सुंदर आहे ते समजावत राहिलो. गिऱ्हाईक म्हणायचं, हो सुंदर आहे. आणि चेक लांबवायचं. एकानं तर सीडी घेतली, कार्यक्रमात मंत्र्याच्या हस्ते प्रकाशित केली आणि शेवटपर्यंत बिल दिलं नाही. धंदा बसतो तो असा, मानसन्मान शाबूत ठेवून.

त्यातच 2001 मध्ये सेलूकडच्या एका जिनिंग-प्रेसिंगवाल्यांचं काम आलं. केंद्राचं कापसाचं टेक्नॉलॉजी मिशन 2000 मध्ये सुरू झालं होतं, जिनिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान मिळत होतं. मालकांना गिरण्यांच्या खरेदीदारांना दाखवायला सीडी हवी होती. त्यात डबल रोलर जिनचं अॅनिमेशन करायचं होतं, म्हणून मी यंत्राशेजारी स्टूल टाकून बसलो.

ते यंत्र असं चालतं. चामड्याचे दोन रोलर फिरत असतात आणि प्रत्येकाला एक स्थिर सुरी घट्ट टेकलेली असते. कापसाचा तंतू रोलरच्या खरबरीत अंगाला चिकटतो आणि सुरीखालून ओढला जातो. सरकी जाड, तिला त्या फटीतून जाता येत नाही, ती अडकते. मध्ये एक हलती सुरी वरखाली होत असते, ती अडकलेल्या सरकीला झटके देते. तंतू पलीकडे, सरकी जाळीतून खाली. 100 किलो कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, त्या रुईची 170 किलोची गाठ बांधतात. मी सोळा चित्रांत ही हालचाल बसवली आणि लॅपटॉप नसल्यानं कागदावर छापून तिथल्या फिटरला दाखवली. त्यानं बघून मान हलवली. म्हणाला, “सुरी एवढी आत आणलीत तर सरकी फुटंल ना साहेब, अन् मंग समदी टरफलं रुईत.” मी अंतर त्याच्या बोटाच्या मापानं बदललं. तोवर मी आयुष्यात जेवढी अॅनिमेशनं केली होती, त्यांत चूक काढणारा हा पहिला माणूस. बाकीचे ‘अजून जरा भारी करा’ एवढंच म्हणायचे.

पुढं मालकांनी विचारलं की वजनकाट्याच्या पावत्या आणि कोणत्या वकलाचा, म्हणजे कोणत्या ढिगाचा, कापूस कोणत्या गाठीत गेला याची नोंद संगणकावर होईल का. सीझनपुरता गेलो. स्टुडिओनं तोवर अर्धा पगार द्यायला सुरुवात केली होती, त्यामुळे सीझन संपल्यावर परत जायला फारसं काही उरलं नव्हतं.

आता तुमचं. दोन दगडांवर पाय ठेवून बघावं असं कोणी सुचवलं तर मे महिन्यात ते जमणार नाही हे आधी ध्यानात घ्या. बियाण्याची खरी धावपळ मृगाच्या तोंडावर असते आणि तुमची लग्नसराईही तेव्हाच. तुम्हाला मोकळीक असते ती चातुर्मासात. त्याच दिवसांत संकरित कापसाच्या बीजोत्पादन प्लॉटवर काम चालतं. संध्याकाळी कळीतले पुंकेसर हातानं काढायचे, सकाळी दुसऱ्या वाणाचं फूल आणून घासायचं, फुलाफुलाला. मेव्हण्यांना म्हणा, यंदा श्रावण-भाद्रपदात मला प्लॉटवर राहू द्या. तिथली मजूर बायका काय करतात ते पाहा, शेतकरी कशावरून भांडतो ते ऐका. तुमचं मन तिथं रमतं का ते ऑफिसात बसून कळणार नाही.

एक मात्र बजावून सांगतो. ‘आमचे पाहुणे, कॉम्प्युटरचं बघतात’ अशी ओळख करून घेत धंद्यात शिरू नका. काम काय आणि महिन्याला किती, हे मेव्हण्यांकडून कागदावर घ्या. राग आला तर येऊ द्या, नंतर बहिणीला मध्ये घालण्यापेक्षा बरं.

आणि कला सोडण्याची गोष्ट. चार हजार फोटोंतून दोनशे निवडायला तुम्हाला एक रात्र लागते. त्या रात्रीचे पैसे अजून कोणी देतं का, हे गेल्या वर्षभराच्या बिलांत बघा. देत असतील तर टेम्प्लेटचा राग सोडा, अल्बमची पानं टेम्प्लेटवरच करा आणि निवडीचे पैसे लावा. देत नसतील तर मेव्हण्यांकडे जा.

प्रश्न : अॅनिमेशनच्या पहिल्या वर्षाला आहे. क्लासवाले एक सॉफ्टवेअर शिकवतात, सीनियर म्हणतात ते जुनं झालं, यूट्यूबवर तिसरंच सांगतात. नेमकं कोणतं शिकू? आणि सर, तुमच्या वेळी पगार किती होता?
— विद्यार्थी, नांदेड

पगार सांगत नाही, तू हसशील.

आमच्या वेळी मॅक्रोमीडिया डायरेक्टर आलं पाहिजे, बास. 1985 मध्ये ‘व्हिडिओवर्क्स’ या नावानं ते जन्मलं. पडद्याला त्यात स्टेज म्हणायचे, चित्र-आवाजांना कास्ट, आणि कोण कधी येणार-जाणार त्या तक्त्याला स्कोअर. 2005 मध्ये अडोबीनं मॅक्रोमीडिया विकत घेतली, 2017 मध्ये डायरेक्टरची विक्री बंद केली. मधल्या काळात ज्यांनी ‘डायरेक्टर गेलं, आता फ्लॅश’ म्हणून उडी मारली, त्यांचं फ्लॅश 31 डिसेंबर 2020 ला संपलं. तेव्हा क्लासच्या संगणकावर जे असेल ते शीक आणि सीनियरांशी वाद घालू नकोस.

माझ्या डोक्यात त्यातलं काय उरलं ते सांगतो. 640 बाय 480 ची 256 रंगांची एक चौकट म्हणजे 300 केबी. दुप्पट वेगाचा सीडी ड्राइव्ह सेकंदाला 300 केबी वाचायचा. म्हणजे पडदा बदलायला निदान एक सेकंद, आणि त्या सेकंदात माणूस बटण पुन्हा दाबतो. म्हणून निवेदकाचं वाक्य चालू असतानाच पुढचं चित्र गुपचूप मेमरीत आणून ठेवायचं. वाक्य केवढं लिहायचं ते चित्राच्या वजनावर ठरायचं. लेखकाला हे पटायचं नाही, आम्ही त्याला न सांगता विशेषणं काढायचो.

मराठीचं तर विचारूच नकोस. गिऱ्हाइकाच्या संगणकात मराठी फॉन्ट नसायचा, म्हणून प्रत्येक परिच्छेद चित्र करून टाकायचा. दोनच रंगांचं चित्र केलं की वजन एक अष्टमांश व्हायचं, तेवढीच बचत. रफार राहिला की अख्खा परिच्छेद पुन्हा. तुझ्याकडे युनिकोड आहे, ‘मुक्त’ आणि ‘बालू’सारखे सुंदर देवनागरी फॉन्ट फुकट आहेत, तरी तुमच्या पोरांच्या शोरीलमध्ये ‘क्ष’ फुटलेला आणि वेलांटी भलतीकडे गेलेली दिसते. एकदा वाचून बघत जा रे.

डायरेक्टरमध्ये एक आज्ञा होती, ‘गो टू द फ्रेम’. म्हणजे आहेस तिथंच थांब, माणूस काही करेपर्यंत. सिनेमावाल्या मुलांना ती शिकवायला फार त्रास व्हायचा, त्यांना सतत काहीतरी हलतं हवं असायचं. तुला एक गृहपाठ देतो. नांदेडच्या एसटी स्टँडवर जा. हातात पिशवी, कडेवर लेकरू, चष्मा घरी विसरलेली बाई देगलूरची गाडी कशी शोधते ते पाहा. तिच्यासाठी एक पडदा बनव, एकच. मग तो मोबाईलवर तिच्यासारख्या कोणाच्या तरी हातात दे आणि तोंड बंद ठेवून बघ. कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये कर.

प्रश्न : जिनिंगमध्ये तुमच्या कलेचा काही उपयोग होतो का, की ती वायाच गेली?
— एक वाचक, लातूर

ताई, होतो. कापूस आला की ढीग बघून प्रत ठरवावी लागते. पांढरा कोणता, पावसात भिजून पिवळट पडलेला कोणता, बोंडअळीनं डागाळलेली कवडी किती मिसळली आहे, शेवटच्या वेचणीचा फरदड कुठं लपवलाय. गिरणीकडं नमुना गेला की एचव्हीआय या कापूस तपासणीच्या यंत्राचा अहवाल येतो, त्यात तंतूची लांबी, चकाकी आणि पिवळेपणा आकड्यांत असतो. पिवळेपणाचा आकडा मी आधीच एका चिठ्ठीवर लिहून काटेवाल्याकडे देऊन ठेवतो, फार चुकत नाही. 236 रंगांत पद्मपाणी बसवलेल्या माणसाला दोन पिवळ्यांतला फरक कळतो, त्याचं मला नवल वाटत नाही. हमाल मला ‘पेंटर’ म्हणतात.

कधी बघायला यायचं असेल तर दिवाळीनंतर या, पण दुपारी चारच्या आत. त्यानंतर उजेडच पिवळा होतो, मी प्रतवारी थांबवतो, आणि गाडी आणलेले शेतकरी माझ्यावर ओरडत असतात.